तळघरातल्या मेथीची ऊब

ज्या हिवाळ्यात आमच्याकडच्या संत्र्याच्या बागा वाळत होत्या, त्या हिवाळ्यात मी पोट धरून हसत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. भावाला तर नाहीच.

शेंदूरजनाघाटला आमची बाग होती. त्या वर्षांत विहिरींनी तळ गाठले, बोअर कोरड्या गेल्या आणि झाडं उभ्या उभ्या करपली. वडिलांनी आधी बागेत जाणं सोडलं, मग बोलणं. भावाचा फोन आला.

"बाबाले एवढा हिवाळा तुह्याकडे ठेव. इथं ओट्यावर बसून नुसते बागेकडे पाह्यतात. मले भेव वाटते."

माझ्याकडे म्हणजे बर्फाच्या देशात. आता मी परत वऱ्हाडात, राजापेठेत राहते, खिडकीखाली शिकवणीच्या पोरांच्या गाड्यांची गर्दी असते. तेव्हा मात्र नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिकडे होतो.

वडील आले आणि ताटावर बसायलाच तयार होईनात. "बाई, तुले लेकरू नाई अजून. लेकीच्या घरचं मी कसं जेवू?"

ही रीत मला ठाऊक होती. लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरी जेवत नाही. अचलपूरच्या आत्याकडे आजोबा सकाळी जायचे आणि पाण्याचा घोटही न घेता दुपारच्या एसटीने परत यायचे. इथून कुठली एसटी धरणार? त्यांनी सोबत एक पिशवी आणली होती, चिवड्याची, लाडवांची, भाजलेल्या शेंगदाण्यांची. पिशवी संपली की परत जाणार, असं त्यांनी सांगून टाकलं. मी रोज त्या पिशवीकडे बघायची. ती खाली खाली बसत चालली होती, आणि ती संपल्यावर वडील पुन्हा त्याच ओट्यावर बसणार होते.

तोड नवऱ्याने काढली. "मामाजी, सोताच्या हातानं पिकवलेलं तं चालते ना?"

"चालन. पण पिकवाचं कुठं जवाईबापू? बाहेर तं सारं पांढरं हाय."

नवऱ्याने कुठल्याशा हरितगृहातून टाकाऊ झालेला सोडियमचा दिवा आणला, रस्त्यावर असतो तसा पिवळा, अवाढव्य. तळघरातल्या अडगळीच्या खोलीत तो टांगला. खाली टबांमध्ये माती, मातीत माझ्या मसाल्याच्या डब्यातली मेथी. वडील उकिडवे बसून पेरत होते आणि नवरा त्यांना पाणी देत होता. मेथी भराभर वर आली. वडील सकाळी तोंड धुवायच्या आधी खाली जाऊ लागले.

पण दिवा भयंकर तापायचा. दार उघडलं की झळ तोंडावर. "अकोला आणलं तुमी घरात," वडील म्हणाले. मेथीने माना टाकल्या.

आता, आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना उष्णतेबद्दल एकच गोष्ट कळते: तिला घराबाहेर काढायचं. कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, हे आम्ही बोलायच्या आधी शिकतो. दोघांनी तळघराच्या छोट्या खिडकीत काचेऐवजी फळी ठोकली, तिला भोक पाडलं, पंखा बसवला आणि पेटीच्या भात्यासारखा चंदेरी पाइप बाहेर काढला. मेथी ताठ उभी राहिली. आम्ही एकमेकांना शाबासकी दिली.

आणि घर गार पडलं. मी स्वेटरवर स्वेटर चढवले, वडिलांनी कानाला दुपट्टा बांधला. घर गरम करणारं यंत्र दम न खाता घरघरत होतं.

"हवा बराबर खेळून नाई राहिली," नवरा म्हणाला, आणि त्याने पंखा आणखी वेगाने सोडला. घर आणखी गारठलं.

एका दुपारी वडील बर्फ लोटायला बाहेर गेले आणि त्यांनी हाक मारली. "बाई, इकडे ये. पाह्य काय हाय ते."

पाइपच्या तोंडाखाली बर्फ वितळून हिरवं गवत वर आलं होतं. त्या गवतावर शेजारणीचं मांजर डोळे मिटून पडलं होतं, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर दोन खारी. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं.

"आपण घरात कुडकुडून राहिलो," वडील म्हणाले, "अन् मांजरीले शेकोटी लावून देली."

मग ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. कित्येक महिन्यांत मी तो ऐकला नव्हता. नवरा धावत बाहेर आला, मांजर पाहून मटकन बर्फात बसला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला: पंखा घरातली तापवलेली हवा ओढून बाहेर फेकत होता आणि दाराच्या फटींतून तितकीच बर्फाची हवा आत येत होती. आम्ही तिघं जन्मभर ज्या वस्तूला हाकलत आलो, ती इथे सांभाळून ठेवायची वस्तू होती.

खिडकी बंद केली, पाइपचं तोंड फिरवून वडिलांच्या खोलीत सोडलं. तर त्यांना नवाच पेच पडला.

"लेकीच्या घरची ऊब चालते का?"

"तुमच्या मेथीची हाय ते मामाजी," नवरा म्हणाला. त्यांना पटलं. खोलीच्या काचांवर पाणी साचायचं, धोतराला मेथीचा वास यायचा, पण ते तिथे पाय पसरून झोपले.

पहिली कापणी झाली. मी कच्च्या मेथीचा घोळाणा केला, वर शेंगदाणे, तेल. वडील ताटावर बसले. भाकरीकडे पाहून थांबले. "हे भाकर कोणाची?"

"मेथीसंग आली," नवरा म्हणाला.

"मंग पाहुणीले परत कसं धाडाव," म्हणत त्यांनी तुकडा मोडला. मी तोंडात पदर कोंबला.

पिशवी संपली, त्याच सुमारास भावाचा फोन आला. बागेची झाडं त्याने त्या दिवशी तोडायला लावली होती. वडिलांनी सारं ऐकून घेतलं. "बुंधे काढून घेजो," म्हणाले. आणि मग, "मी आत्ता नाई येत. मेथी दुसऱ्यांदा फुटून राहिली."

मला हसू आवरेना. जिन्यावर उभी राहून मी अक्षरशः नाचले.

"मांगून हसते कोण?" भावाने विचारलं.

"तुही बहीण. मेथीपायी याड लागलं तिले."

फोन माझ्या हाती देऊन वडील तळघरात उतरले. भावाने विचारलं, "जेवतात का?"

"दोन दोन भाकरी."

"मंग ठेव त्यायले," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी तळघराकडे धावले, कारण खाली दोघांनी विळी कोणी धरायची यावरून वाद घातला होता. भाऊ त्या दिवशी तोडलेल्या बागेतून घरी जाऊन जेवला का, हे मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.