दारातला अक्रोड

नेपाळातल्या तान्सेन गावच्या चढावर हिमकुमारीचा हात कुणाला ठाऊक नाही? जन्मभर हातमागावर ढाका, म्हणजे टोप्यांचं नक्षीदार कापड, विणलं बाईनं. गावात जो टोपी घालून मिरवतो, त्यानं तिच्याच हातचं कापड डोक्यावर घेतलंय. तिहारच्या, म्हणजे दिवाळीतल्या, भाऊबीजेला ती उंबऱ्यावर अक्रोड ठेवायची, दगड उचलायची, आणि एका घावात चुरा. अक्रोड म्हणजे यमाचं डोकं. बहिणीनं आपल्या हातानं फोडलं की वर्षभर भावाच्या वाटेला जायची त्याची छाती होत नाही. एकदा तर टरफल उडून शेजारच्या सुभेदाराच्या चहात पडलं. चहा त्यानं तसाच प्यायला म्हणतात. तिला बोलणार कोण?

पण चैत्रात तिला झटका आला नि उजवा हात लुळा पडला. इकडे डंबर, तिचा धाकटा भाऊ, आई गेल्यावर तिनंच पाठीशी बांधून वाढवलेला. बुटवलच्या घाटात त्यानं उभी हयात बस हाकली, आणि आता त्याच्या काळजाची झडप बिघडली. भाऊबीज झाली की काठमांडूला ऑपरेशन. तेव्हा यंदाचा अक्रोड म्हणजे पोरखेळ नव्हता. हिमकुमारी कितीतरी दिवस चोरून डाव्या हातानं दगड उचलून बघत होती.

डंबर आला तो पायरीपायरीला थांबत.

"दिदी, चढ वाढवलास काय गं? मागल्या वर्षी एवढा नव्हता."

"चढ तेवढाच आहे, पोट वाढलंय तुझं. बस."

यमाला ओलांडता येऊ नये म्हणून तिनं दूर्वांनी त्याच्याभोवती तेलाची रेघ ओढली आणि दगड घेतला. पहिला घाव घसरला, अक्रोड टुणकन उडून खाटेखाली. दुसऱ्याला दगडच हातून सुटला, पायाचा अंगठा थोडक्यात वाचला. तिची सून पवित्रा चुलीपासून धावत आली.

"आई, द्या इकडे, मी फोडते."

"तू काय त्याची बहीण आहेस?"

"नाही."

"मग सेलरोटी करपतेय ती बघ."

"राहू दे दिदी," डंबर म्हणाला. "यमही आता म्हातारा झाला असेल. एवढ्या पायऱ्या चढून कशाला येतोय तो?"

"तुला थट्टा सुचतेय, मेल्या. तू गेलास तर मी भांडू कुणाशी?" हे बोलताना तिचा आवाज चिरकला, आणि त्याचा तिला आणखीनच राग आला. त्या रागातच तिचं लक्ष दाराच्या बिजागरीकडे गेलं. लहानपणी चोरलेले अक्रोड ही दोघं कुठं फोडायची? माहेरच्या दाराच्या असल्याच फटीत की. बापाचा मारही तिथंच खाल्लेला.

तिनं अक्रोड फटीत बसवला आणि दाराला पाठ लावून रेटायला लागली. दार हलेना.

"अगं, पडशील!"

"रेघेबाहेर पाय टाकलास तर बघ!"

मग तिनं यमाच्या सात पिढ्या उद्धारल्या, डोळे मिटले आणि सगळं अंग दारावर टाकलं. कडाड! अक्रोडाचा भुगा झाला. हिमकुमारी दारावरून घसरत खाली बसली आणि पोट धरधरून हसायला लागली.

डंबर मात्र हसला नाही. "दिदी, मला फार भीती वाटत होती गं."

"ठाऊक आहे मला. भ्यालास की तुझी टकळी सुरू होते, लहानपणापासनं."

तिनं डाव्या हातानं सप्तरंगी टिळा लावला. सातही रंग भुवईपर्यंत ओघळले. गळ्यात मखमलीच्या फुलांची माळ घातली. डंबर कण्हत कुंथत वाकला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उठताना ताटातला दुसरा अक्रोड उचलून घेतला.

"तो कशाला?"

"तुझ्यासाठी."

"भाऊ फोडतो होय कधी? शास्त्रात नाही असलं काही."

"शास्त्र लिहिणाऱ्याला बहीण नसेल."

"आणि डॉक्टरनं जोर लावू नको म्हटलंय ना तुला?"

"मग निम्मा तू लाव."

इतक्या भाऊबीजा झाल्या, पण तिच्या आयुष्यासाठी आजवर कुणी अक्रोड फोडला नव्हता. ती डंबरचा खांदा धरून उठली, आणि दोघांनी दाराला पाठ लावली.