क्लॅम्प वर ठेव

माणूस गेला की लोक भेटायला येतात. मान खाली घालून बसतात, चहाचा कप नुसताच हातात धरतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "त्या गेटचं काय झालं होतं माहीत आहे का?" की झालं. त्याचं ऐकून दुसऱ्याला दुसरं आठवतं आणि तिसऱ्याला तिसरं. शमुवेलदादाच्या दुःखाला आलेला प्रत्येक माणूस उठता उठता एक किस्सा आमच्या घरात टाकून गेला. आमच्या वेल्डिंगच्या दुकानामागं भंगार साठतं तसंच. कोण कधी आणून टाकतं कळत नाही, पण ढीग वाढतच जातो.

दुकान जवळा बाजारला, औंढ्याच्या रस्त्यावर. दादा मालक. मी त्याचा धाकटा भाऊ, पीटर. शाळा माझी आठवीतच सुटली आणि दादानं हातात वेल्डिंगचा रॉड दिला. सलीमभाई दादापेक्षाही जुने वेल्डर. गौतम ग्राइंडर मारतो आणि रंग देतो. असे आम्ही चौघं. नाताळच्या आधी दादाच्या छातीत कळ आली. नांदेडला नेता नेता वाटेतच गेला. आता तिघं आहोत.

आणखी एक आधीच सांगतो. आसपासच्या ख्रिस्ती माणसांच्या कबरींवरचे लोखंडी क्रूस आमच्याच दुकानात बनतात. दादाच्या कबरीवर मात्र क्रूस नव्हता, नुसते दगड होते. ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे कबरस्थानात मेणबत्त्या लावायला जातो. मार्थावहिनी म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी मी नुसत्या दगडांपुढं उभी राहणार न्हाई. क्रूस लागला पाहिजे, आन् तो तुमीच करायचा." मी व्हय म्हणालो. एकदा केला, तोडला. पुन्हा केला, पुन्हा तोडला. दर वेळी जोड वाकडा यायचा. ईस्टर जवळ येऊन राहिला होता.

असू दे. किस्से ऐका.

*

जेवणाआधी दादा प्रार्थना करायचा. थोडक्यात नाही. सकाळपासून दुकानात जे जे येऊन गेले, त्या सगळ्यांची नावं त्यात यायची. "प्रभू, त्या खिडकीवाल्या मावशीच्या गुडघ्याला आराम दे. प्रभू, त्या ट्रॉलीवाल्याचं अन् त्याच्या भावाचं भांडण मिटू दे." डबे उघडे, भूक लागलेली, आणि दादा अजून ट्रॉलीवर.

सलीमभाई हात पसरून शांत बसायचे. एक दिवस मात्र त्यांचा धीर सुटला.

"समू, सगळ्या गावाचं सांगितलं त्याला. आता वरण गार होऊन राहिलं, ते बी सांग."

दादानं डोळे उघडले नाहीत. "आणि प्रभू, आमच्या सलीमभाईला थोडा सबर दे. आमेन."

गौतम बौद्ध. तो देवबिव मानत नाही. प्रार्थनेला आमच्यातच बसायचा, पण डोळे टक्क उघडे. एका गिऱ्हाइकानं त्याला विचारलं, "तू काहून डोळे मिटत न्हाईस बे?"

गौतम म्हणाला, "तिघं देवाकडं बघून राहिले. मांजराकडं कोण बघंल?"

खोटं नव्हतं ते. आमच्याकडं एक पिवळा बोका येतो. एकदा त्यानं सलीमभाईंचा खिमा 'आमेन'च्या आधीच उचलला होता. तेव्हापासून दादानं वाटणीच करून दिली. प्रार्थना आमची, राखण गौतमची.

*

वेल्डिंगवाल्याला "गेट कधी होईल?" विचारलं की तो "उद्या या" म्हणतो. उद्या गेलं की पुन्हा "उद्या या". सगळीकडं हीच पद्धत, आणि गिऱ्हाइकालाही ती माहीत असते. दादाला ते जमायचं नाही. बायबलात लिहिलंय, तुमचं व्हय ते व्हय असावं आणि नाही ते नाही. दादानं ते थेट दुकानात आणून ठेवलं होतं.

एक मास्तर नवं घर बांधत होते. वास्तुशांत जवळ आली होती. दादानं सगळं काम डोळ्यांसमोर आणून सांगितलं, "सर, तुमच्या कार्यक्रमाच्या आधी होणार न्हाई."

मास्तर रागारागानं पलीकडच्या दुकानात गेले. तिथं "उद्या या" मिळालं. रोज नवा उद्या. वास्तुशांत गेटाशिवाय झाली, पाहुण्यांबरोबर दोन म्हशीही आत येऊन गेल्या. मग मास्तर परत आमच्याकडं.

दादा म्हणाला, "सर, मी तर खरं सांगितलं होतं."

मास्तर म्हणाले, "तेच तर चुकलं तुमचं. त्यानं खोटं सांगितलं, पण निदान आठ दिवस मी सुखात तरी झोपलो."

दादा पोट धरून हसला. मग गेट केलं. सांगितलेल्या दिवशीच दिलं.

*

माझं डोकं लवकर तापतं. रॉड पेटायच्या आधी मी पेटतो, असं सलीमभाई म्हणतात.

एकदा एका माणसानं आम्ही बनवलेली जाळी बोटानं ठोकली आणि म्हणाला, "हे काय, शिकाऊ पोरांकडून करून घेतलं का?" ती जाळी माझ्या हातची होती. दोन दिवस मान मोडून केलेली. मी घण उचलला आणि जाळीच मधोमध वाकवली. "घ्या. आता शिकाऊ वाटते का बघा."

तो माणूस दोन पावलं मागं सरकला. दादानं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, माफी मागितली आणि जाळी सरळ करायला बसला. मला वाटलं, हा गेला की आता माझी धुलाई. पण दादा शांत होता.

"पीटर, तुझं नाव आईनं बराबर ठेवलं. पीटर म्हंजे बायबलातला पेत्र. प्रभूला धरायला लोक आले तवा त्यानं बी बागेत तलवार काढून एकाचा कान तोडला होता. प्रभूनं तो पुन्हा जागेवर लावला."

मी घण खाली ठेवला.

"तू तोडत जा," दादा म्हणाला. "आपल्याकडं रॉड हायेत. पण माणसाचा कान लागत न्हाई आपल्याच्यानं, तेवढं ध्यानात ठेव."

धुलाई परवडली असती. ते वाक्य अजून लागतं. पण त्या दिवसापासून मी घण माणसासमोर उचलला नाही, आणि याबद्दल मी देवाचे आणि दादाचे दोघांचे आभार मानतो.

*

आमच्या भागात हळदीचा हंगाम म्हणजे हळद शिजवायचे मोठे कुकर फुटायचा हंगाम. दिवसभर दुकानासमोर ट्रॅक्टर उभे. तरी रविवारी दादाचं दुकान बंद. कितीही हंगाम असो, रविवारी उपासना.

एका रविवारी गणपतराव नावाचे शेतकरी फुटका कुकर घेऊन आले. दुकान बंद. कुणीतरी सांगितलं, मालक प्रार्थनेला गेलेत. गणपतराव ट्रॅक्टर घेऊन थेट आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरापाशी आले, चप्पल काढली आणि शेवटच्या ओळीत मांडी घालून बसले. हात कोपरापर्यंत पिवळे. सगळ्या प्रार्थनाघरात ओल्या हळदीचा वास.

हिंगोलीहून आलेले पाळकसाहेब त्या दिवशी नेमके धीरावर बोलत होते. बोलणं रंगलं होतं. गणपतरावांनी बराच वेळ ऐकलं, मग हात जोडून उभे राहिले.

"महाराज, लई चांगलं सांगून राहिले तुमी. पण अजून किती राहिलं? माझी हळद अर्धीच शिजली हाय."

सगळी मंडळी तोंडाला पदर, रुमाल लावून हसायला लागली. दादा खाली बघत बसला होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

"शमुवेल, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी कुणाचा बैल विहिरीत पडला तर?"

"काढायचा, साहेब."

"मग ऊठ. हा कुकर बी बैलच हाय."

दादानं तिथंच बाहेर, शेजारच्या घरातून लाइट घेऊन कुकर जोडला. पाळकसाहेबांसकट सगळी मंडळी भोवती उभी. गणपतराव तेव्हापासून दर वर्षी पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या आमच्या उपासनेला नव्या हळदीची पिशवी घेऊन येतात, त्याच शेवटच्या ओळीत बसतात आणि आत येताना पाळकसाहेबांना विचारतात, "आज किती वेळ चालंल?"

*

एकदा कबरस्थानात न्यायचा मोठा क्रूस तयार होता आणि टेम्पो मिळेना. दादानं एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं मी. नेमका आठवडी बाजाराचा दिवस. मिरच्यांच्या ढिगातून, मेथीच्या जुड्यांवरून पाय टाकत आम्ही निघालो. लोक वाट देत होते आणि बघतही होते.

लसूण विकणारी एक म्हातारी उठून उभी राहिली. "आरं लेकरांनो, लाइटीचा खांब कुठं नेऊन राहिले? आमच्या बोळात बी एक बसवा की. अंधारात पडून मरायची मी."

मला हसू आवरेना. दादा मात्र थांबला. "कोणता बोळ, आजी?" म्हातारीनं पत्ता सांगितला. "बसवतो," दादा म्हणाला.

मला वाटलं, म्हणायला म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं जुना पाइप काढला, घासला, वर दिव्यासाठी वाकडा हात जोडला. ग्रामपंचायतीच्या माणसाच्या मागं लागून वायर ओढून घेतली. दिवा लागला तेव्हा म्हातारी खांबाला हात लावून म्हणाली, "पण त्या दिवशी नेत होता तो याच्यापेक्षा भारी होता."

दादाच्या मातीला ती आली होती. काठी टेकत, पार कबरस्थानापर्यंत. मला म्हणाली, "खांबवाला गेला व्हय रे?" आणि मग माझ्याआधी तीच रडली.

*

आता दादाची एक खोड सांगतो, जी मला कधी कळली नाही.

क्रूस जोडताना आडवी पट्टी उभ्या पाइपवर ठेवायची, गुण्या लावून काटकोन बघायचा आणि क्लॅम्पनं घट्ट आवळायची. म्हणजे हलत नाही. दादा बाकी सगळ्या कामाला क्लॅम्प वापरायचा. कबरीचा क्रूस असला की मात्र मला म्हणायचा, "क्लॅम्प वर ठेव." म्हणजे फळीवर, लावायचाच नाही. आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल, त्याला हातमोजे घालायचा, डोक्याला मास्क लावायचा आणि म्हणायचा, "ही बाजू तुमी धरा."

एकदा एक तगडा माणूस आला, ट्रक चालवणारा. त्याची बायको गेली होती. दुकानात आल्यापासून दगडासारखा चेहरा. क्रूस केवढा, नाव कोणतं, तेवढंच बोलला. दादानं त्याला मास्क घातला आणि धरायला लावलं. बाहेर हळदीचे कुकर ताटकळत उभे. मी दादाच्या कानात म्हणालो, "क्लॅम्प असताना माणसाला काहून तकलीफ देऊन राहिला?"

"क्लॅम्पला काय कळतं?" दादा म्हणाला.

जोड झाला. रॉड बाजूला ठेवला. तो माणूस तसाच धरून उभा, मास्क तोंडावर. मी मास्क काढायला पुढं झालो तर दादानं माझा दंड पकडला आणि मला तारेचा ब्रश शोधायला पाठवलं. ब्रश समोरच होता. मी तो हातात घेऊन उभा राहिलो, तरी दादा स्वतः कोपऱ्यात तोच शोधत राहिला.

बऱ्याच वेळानं त्या माणसानं स्वतःच मास्क वर केला. "धूर लई हाय तुमच्याकडं," तो म्हणाला.

"व्हय. लई हाय," दादा म्हणाला.

पंखा चालू होता. धूर कधीच निघून गेला होता. दादाला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

*

आणि हा परवाचा. शनिवार. शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, दुकान बंद होतं. रविवारी पहाटे ईस्टर. म्हणजे दादाचा क्रूस आज नाही तर नाहीच.

मी सकाळीच पाइप कापला, पट्टी ठेवली, गुण्या लावला. क्लॅम्प इतका आवळला की त्याचा दांडा हाताला रुतला. होल्डरमध्ये रॉड लावला. आणि उभाच राहिलो.

दुपारी वहिनी डबा घेऊन आली. तिनं टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. डबा बाजूला ठेवला.

सलीमभाई आतून आले. माझ्या हातातून होल्डर काढून घेतला. मग क्लॅम्प सैल केला, काढला आणि फळीवर, सगळ्यात वर ठेवला.

"सलीमभाई, हलंल ते," मी म्हणालो.

"तर धर," ते म्हणाले. "छोटे, तू ह्या बाजूनं. भाभी, तुमी त्या बाजूनं."

दादाचा मास्क त्यांनी माझ्या डोक्याला लावला. माझा वहिनीला. दोघांना हातमोजे दिले. मास्क खाली आला आणि आत सगळं काळं झालं. मग रॉड चर्र करून लागला आणि त्या काळ्यात मधोमध हिरवा उजेड दिसला. पट्टी हाताखाली गरम होत गेली. पलीकडून वहिनीनं धरलेलं मला पट्टीतून कळत होतं.

केवढा असतो तो जोड? बोटभर. उजेड विझला. आवाज थांबला. सलीमभाईंनी होल्डर टेबलाला अडकवला, तेही ऐकू आलं. मी धरूनच होतो. वहिनीही धरून होती. मास्क काढा, असं कुणी म्हणालं नाही.

सलीमभाई कोपऱ्यात काहीतरी शोधायला लागले. ब्रश असावा.

खूप वेळानं डब्यापाशी उभ्या असलेल्या गौतमचा आवाज आला.

"सावकाश होऊ द्या. मांजराकडं मी बघून राहिलो."