शकुनाचं दही आणि खुब्याचं ऑपरेशन

इकडे ये गं, अशी जवळ बस. आधी रागावते, मग सांगते. आमच्या यांचा पाय कसा आहे हे तू बदलापूरच्या माझ्या जावेला विचारलंस म्हणे. मी काय गावाला गेले होते? मावशीला विचारलं असतंस तर नको म्हणेपर्यंत सांगितलं असतं.

तर, यांचा डावा खुबा पार झिजला होता. अंबरनाथचं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज शिवमंदिरात जाणारा माणूस खिडकीला चिकटून बसला. ऑपरेशनचं नाव काढलं की भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे. पूर्वी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानांच्या वर एका डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल होतं. इकडची सगळी मोडकी हाडं त्यांनीच जोडली. मग ते नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. आता त्यांच्याकडे ओमानहून, आफ्रिकेतून पेशंट विमानाने येतात. आणि कॅम्पातल्या त्या जागेत मोबाईलची कव्हरं मिळतात. मुलाच्या नोकरीचा विमा होता म्हणून आम्हीही तिथवर पोचलो.

वर्षभर मनधरणी केल्यावर हे तयार झाले. तपासण्या आधीच झाल्या होत्या, सकाळी उपाशीपोटी या म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मस्कतला निघणार होते, तिकडचे पेशंट तपासायला. म्हणजे आज नाही तर मग कधी, कोण जाणे. आणि मला एकच धास्ती होती, हा माणूस आज तसाच घरी आला तर परत काही जिना उतरायचा नाही.

वांगणीजवळच्या गावाहून माझी नणंद मुद्दाम आली होती, यांची थोरली बहीण. निघताना तिने यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. हे देवासमोर उभे, बहीण डोळे पुसतेय, मीही पुसतेय. खाल्लं यांनी. हातावरचं तर खाल्लंच, आणि ‘शकुन एकदाच घ्यायचा नसतो’ असं बहीण म्हणाली म्हणून वर वाटीभर.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का? हे म्हणाले, काही नाही, दही तेवढं. तिने लगेच भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. पोटात काही असलं तर भूल देताना ते उलटून छातीत जातं, ते म्हणाले, आता नाही जमणार.

नणंद पुढे सरसावली. “आवो डाक्टर, दही म्हंजे काय जेवान हाय? शकुन हाय तो.”

“आजी, शकुनसुद्धा पोटातच जातो,” डॉक्टर म्हणाले.

यांचा चेहरा तर एकदम खुलला. चला घरी, म्हणाले. मी तशीच काउंटरकडे धावले. परदेशी पेशंटांचं काउंटर वेगळं, तिथे मऊ सोफे, अरबीतल्या पाट्या. तिथे एक ओमानची मुलगी आईला घेऊन बसली होती, गुडघ्यासाठी. त्यांची दुभाषी बाई निघाली आपल्या कल्याणची. मी तिच्यावरच तडकले, की आता आमचा नंबर या लोकांनाच देणार ना, पाहुण्यांचं आधी. तिने ते शब्दन् शब्द त्या मुलीला सांगून टाकलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मुलगी माझ्याकडे बघत काहीतरी बोलली. दुभाषी म्हणाली, “काकी, त्यांचा नंबर दुपारचा आहे. आईला शुगर आहे, उपाशी राहून घाबरी झालीय. तुमची हरकत नसेल तर ती आत्ता जाईल आणि दुपारी तुम्ही जा, असं म्हणतेय ती.”

हरकत? मी तिचे दोन्ही हात धरले. डॉक्टरांना विचारलं, दुपारपर्यंत पोट रिकामं होईल म्हणून तेही हो म्हणाले. तेवढ्यात बघते तर नणंद पिशवीतून उरलेल्या दह्याचा डबा काढून त्या म्हातारीकडे निघालेली. वन्सं, म्हणत मी तिला पदराला धरून मागे ओढलं. दुभाषीला हसू आवरेना. ती मुलगीही हसली, दुभाषीने काही न सांगता.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, कॅम्पात यायचे तसेच, घाईघाईने. “मावशी, छान झालं. उद्या उभं करतो आणि मगच जातो.” मी हात जोडले. किती महिन्यांनी छातीभर श्वास घेतला असेल.

तू विचारशील, तिकडची माणसं येतात ते बरं की वाईट? ती येतात म्हणून हॉस्पिटलात नवी यंत्रं आली, यांनाही उपयोगी पडली. पण नणंदेचाही गुडघा गेलाय. तिला म्हटलं, दाखवून घेऊ. ती त्या चकचकीत फरशीकडे बघून म्हणाली, “वैनी, ह्ये आपल्यासाठी न्हाय.” विमा नाही तिचा. कॅम्पातलं हॉस्पिटल असतं तर मी हाताला धरून नेलं असतं. आता कुठे नेऊ, ते शोधतेय.

हे मात्र झकास आहेत. परवा मी आंघोळीला गेले, बाहेर येते तर घरात नाहीत. दार उघडं, काठी दाराशी तशीच. जिन्यापाशी धावले, तर हे खालून वर येतायत, एका हातात कोथिंबीर, दुसरा कठड्यावर. “ओरडू नकोस,” म्हणाले, “महाग मिळाली.” मी ओरडले नाही गं. तिथेच पायरीवर बसले आणि रडून घेतलं पोटभर.

पण एकटीने किती बघू हे सुख? तू अंबरनाथला ये. येत्या रविवारीच ये, आणि राहायच्या तयारीने ये.