इंजिनियरसाहेबांसाठी प्रार्थना

दानिएल अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरात चष्म्याच्या दुकानात होते. फोनवर त्यांची बायको, मेरीअक्का, होती. "ताई, अण्णा गेले," एवढंच म्हणाली. तशीच निघाले... चष्मा अजून आणायचा राहिलाय.

अण्णा मूळचे निपाणीचे, बेळ्ळंदूरला आमच्या गल्लीतल्या पेंटेकोस्टल चर्चचे पास्टर. आमच्याकडे गणपती, त्यांच्याकडे टाळ्या वाजवत गाणी. पण या कानडी शहरात पोटभर मराठी बोलायला मिळायचं म्हणून माझी तिथे ऊठबस. गल्लीमागचा नाला तुंबला की घाण पाणी माझ्या स्वयंपाकघरात आणि त्यांच्या चर्चमध्ये सारखंच शिरायचं. पालिकेचे इंजिनियर "सरी सरी, माडोण," म्हणजे बरं बरं, करू या, म्हणायचे आणि इकडे फिरकायचे नाहीत.

सत्तेवरच्या माणसांसाठी दर रविवारी प्रार्थना करायची, ही त्या चर्चची रीत. अण्णा ती नाव घेऊन करत. "प्रभू, आमच्या इंजिनियरसाहेबांनी गुरुवारी माणसं पाठवतो म्हणून सांगितलंय. त्यांना शब्द पाळायचं बळ दे." मग सगळी मंडळी मोठ्याने, आपापल्या भाषेत, तेच मागायची. साहेबांच्या कानावर गेलं. तणतणत आले, प्रार्थनेत माझं नाव घेणं बंद करा म्हणाले. अण्णा शांतपणे म्हणाले, "काम झालं की आभार मानतानाही तेच नाव घेऊ, सर."

निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार आला. रविवारी लोकांना माझं नाव सांगा, आठवड्यात नाला साफ करून देतो, म्हणाला. मी अण्णांना म्हटलं, सांगून टाका की, तुमचं काय जातंय? "ताई, लोकांची मतं माझी नाहीत. मी कशी देऊ?" त्या रविवारी त्यांनी उभ्या राहिलेल्या एकूण एक उमेदवारांसाठी नावानिशी प्रार्थना केली. गृहस्थ तोंड पाडून गेले आणि पुढच्या पावसात माझ्या ओट्याखाली पुन्हा पाणी आलं. मी कितीतरी दिवस अण्णांशी बोलले नाही. राग आला होता, लपवू कशाला... पण ते रविवारचं नाव घेणं थांबलं नाही. शेवटी इंजिनियरसाहेबांनी स्वतः उभं राहून नाला उपसून घेतला, कडेने भिंत बांधली. आभाराच्या प्रार्थनेला ते बायकोला घेऊन आले होते.

आपलं आहे ते मागताना मिंधं व्हायचं नाही, हे मी त्या माणसाकडून शिकले. त्यांचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही.

नाला आता पुन्हा तुंबलाय. पालिकेत नव्या इंजिनियर बाई आल्यात, त्यांनी फोनवर मला सोमवारचा शब्द दिलाय. परवाच्या रविवारी चर्चला गेले. मेरीअक्काने सरकून जागा दिली. नवा पास्टर "सर्व अधिकाऱ्यांना आशीर्वाद दे" म्हणून पुढे निघाला. मला काही राहवेना. मी उठले, आमच्या देवापुढे जोडते तसेच हात जोडले आणि मराठीतच त्या बाईंचं नाव घेतलं, सोमवारचा शब्द सांगितला. पुढे काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"आमेन," सगळ्यांनी म्हटलं.