जिवंत माशीचा स्कॅन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं तरी काय — एका माशीचं तर आहे, असं म्हणत आठ वर्षं काढली.

नगरजवळच्या एका संस्थेत मी फळमाश्यांचे एमआरआय काढते. हसू आलं ना? सगळ्यांनाच येतं. पिकल्या केळ्यावर घोंगावते ना, ती चिलटाएवढी माशी. तिला गुंगीचा वायू द्यायचा, बारीक काचेच्या नळीत बसवायचं आणि यंत्राच्या चुंबकात सोडायचं. जिवंत माशीच्या पोटात काय चाललंय ते बघायचं, सगळा खटाटोप त्यासाठीच. दोन-तीन तासांनी स्कॅन संपला की तिला बाहेर काढायचं, पाय हलवते का पाहायचं आणि वहीत नोंद करायची — जिवंत.

एकदा माझ्याकडून वायू जास्त गेला. माशी आतच मेली. आणि चित्र? हालचालच नाही, म्हणून आतडंन् आतडं स्वच्छ. आमच्या प्रयोगशाळेचे सर इतके खूश झाले, की मी 'जिवंत' लिहून टाकलं. ती चूक होती म्हणा. पण पुढच्या वेळी? त्याच्या पुढच्या? — वायू मुद्दाम वाढवला.

माझ्यासोबत सुनीता होती. पाथर्डीकडची, आईवडील ऊसतोडीला जाणारे, घरातली पहिली शिकलेली. तिची चित्रं कायम पुसट. एकदा तिनं विचारलं, "ताई, तुमची माशी हालत कशी न्हाई? माझी तर लई हालती."

"सवयीनं जमतं," मी म्हणाले.

मग दोघींपैकी एकीलाच ठेवायचं ठरलं. सरांनी मला विचारलं, सुनीताला जमेल का हे काम? मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. "नाही जमणार," मी म्हणाले. तिच्या माश्या जिवंत होत्या म्हणून हलत होत्या — हे माहीत असून म्हणाले. वाईट वाटलं का? खरं सांगू? काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही.

तिला एसटीत बसवायला मीच गेले. खिडकीतून तिनं पेन ड्राइव्ह दिला. "माझे सगळे स्कॅन हायेत यात. काय चुकलं तेवढं बघा, अन् कळवा मला."

मी सगळे उघडून पाहिले. एकेक. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. मग मी तिला मेसेज केला — माशी नळीत सैल बसवत होतीस.