याचे सोयरे कोण?

पुण्याहून आलेला टायवाला माणूस पाऊण तास बोलत होता. पडद्यावर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकत होते, साहेब मान डोलावत होते आणि आम्ही चहाबरोबर आलेली बिस्किटं गुपचूप संपवत होतो. शेवटी त्याने 'काही शंका?' असं विचारलं. हे विचारायची रीत असते आणि त्यावर गप्प बसायचीही रीत असते. पण मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात पेन्सिल. म्हणाल्या, "सॉफ्टवेअर देखणं हाय. पण याचे सोयरे कोण?"

सगळे हसले. मीही हसलो. कंत्राटी संगणक अभियंता म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर लागून मला चारच दिवस झाले होते, पण साहेब हसले की हसायचं एवढं मी शिकलो होतो. टायवाल्याला प्रश्न कळलाच नाही. मग बाईंनी त्याला समजावून सांगितलं, की आमच्याकडे आधीच अशी बरीच सॉफ्टवेअरं नांदत आहेत, त्यातल्या कोणाकडून हे माहिती घेणार, कोणाला देणार, की हेही घरात एका कोपऱ्यात तोंड फुगवून बसणार? तो म्हणाला, ती सोय पुढच्या टप्प्यात आहे. बाई खाली बसल्या. त्यांनी वहीत काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं. 'सोयरे : कोणी नाही.'

या ढगे बाई. कौसल्या ढगे, सांख्यिकी सहायक. परभणीतल्या कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही. लिहिलं तर कोणाला तरी खुलासा द्यावा लागेल, आणि तो नेहमीप्रमाणे भलत्याच माणसाला द्यावा लागेल. बाई मूळच्या सोनपेठच्या. आठवडाभर परभणीत एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी एसटीने गावी जायच्या. कोणी मॅडम म्हटलं की सांगायच्या, "मॅडम त्या खुर्चीतल्या. मला बाई म्हना." मला त्या इंजिनेर म्हणायच्या. डब्यात ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. ती चटणी माझ्या पोळीवर न विचारता पडायची. आता त्या नाहीत. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो होतो, पण लिहायला लागलं की प्रेमाआधी रागच वर येतो. येऊ दे.

बाईंनी नात्यागोत्यातली कितीतरी लग्नं जमवली होती. सोयरीक हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि सरकारच्या कॉम्प्युटरकडेही त्या त्याच नजरेने बघायच्या. "पोरगी बघायला गेल्यावर आपण नुसतं नाकडोळे बघताव का? घर बघताव, मामा कोण, चुलते कोण ते इचारताव. आन् इथं लाखाची वस्तू घ्यायची तर नुसते नाकडोळे बघून मोकळे," असं त्या म्हणायच्या. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी खळीने चिकटवून त्यांनी एक भलामोठा कागद केला होता. त्यावर कार्यालयातलं प्रत्येक सॉफ्टवेअर, प्रत्येक ॲप म्हणजे एक गोल. गोलात लिहिलेलं, की हे कोणी घेतलं, कशासाठी घेतलं, लोकांना काय काय विचारतं. एका गोलातून दुसऱ्यात माहिती आपोआप जात असेल तर हिरवी रेघ. माणसाने एकातलं बघून दुसऱ्यात पुन्हा टाइप करायचं असेल तर लाल रेघ. हिरव्या रेघा शोधाव्या लागायच्या. कार्यालयात या कागदाला 'बाईंची कुंडली' म्हणून चिडवायचे.

मी त्यांना एकदा सांगितलं, की बाई, मोठ्या शहरांत या कामाला लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि ते करणारे लोक विमानाने येतात. सरकारने काय घ्यावं, कशाच्या आधी काय घ्यावं, हे असा नकाशा काढल्याशिवाय ठरवू नये असं त्यांच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. बाईंना आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडेही एक सल्लागार येऊन गेले होते आणि त्यांचा अहवाल कपाटात होता, जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. बाईंनी तो शब्दकोश घेऊन तीन आठवडे वाचला होता. पुस्तक चांगलं हाय, म्हणाल्या, पण यात सिस्टर कुठं सापडंना.

सिस्टर म्हणजे मंगल सिस्टर. वालूरच्या पुढे एका गावात उपकेंद्र आहे, तिथल्या आरोग्यसेविका. लाल रेघेवर नेमकं कोण राबतं हे बघायला बाई स्वतःची रजा टाकून, एसटी बदलत तिथे गेल्या आणि दिवसभर एका स्टुलावर बसून राहिल्या. त्या दिवशी रुक्मिणी नावाची पाच महिन्यांची गरोदर बाई तपासणीला आली होती. अंगात रक्त फार कमी. सिस्टरने तिचं नाव मातांच्या ॲपमध्ये 'अतिजोखमीची' म्हणून टाकलं. मग तेच नाव औषधांच्या ॲपमध्ये, मग आहाराच्या, मग मासिक अहवालाच्या, मग दोन रजिस्टरांत. रुग्णवाहिकेची यादी आणखी वेगळी होती. अतिजोखमीच्या बाईचं नाव त्या यादीत असेल तर गाडी तिच्यासाठी आधी निघते, नसेल तर रांगेत. ते नाव टाकायला सिस्टरने फोन उघडला, तर फोन अडकला. आणि दारात लसीकरणाची तान्ही बाळं रडत होती, तेव्हा ते नाव राहिलं ते राहिलंच.

परत आल्यावर बाईंनी नकाशा उलगडला आणि मातांचा गोल आणि रुग्णवाहिकेचा गोल यांच्यामधल्या लाल रेघेवर बोट ठेवलं. मला विचारलं, हे दोन जोडायला किती दिवस लागतील? मी म्हणालो, फार तर आठ. त्यांनी रेघेवर 'आठ' असं लिहिलं. सिस्टरला त्यांनी शब्द दिला होता, की ही एक रेघ तरी मी हिरवी करून देते.

मार्च आला. मार्चमध्ये सरकारी कार्यालयाला जो उत्साह येतो तो बाकीचे अकरा महिने कुठे दडी मारून बसतो, देव जाणे. निधी परत जाता कामा नये, एवढी एकच चिंता. खरेदीच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं, की दालनात भिंतभर पडदा बसवायचा आणि त्यावर सगळ्या जिल्ह्याचे आकडे रंगीत दिसतील असं सॉफ्टवेअर घ्यायचं. आकडे कुठून येणार? सिस्टर भरतील. आणखी एक ॲप. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, पडदा मागून घेता येईल. आधी हे दोन जोडा. जोखमीची बाई एका यादीत हाय आन् गाडीच्या यादीत न्हाई. इंजिनेर म्हणतेत आठ दिसाचं काम हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी विचारलं, "असं आहे का?" माझ्या कराराला सहा महिन्यांची मुदतवाढ देणारी सही त्याच आठवड्यात व्हायची होती. मी म्हणालो, "बघावं लागेल, सर."

खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर निदान कधीतरी पकडलं गेलं असतं. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं कामही माझ्याकडेच होतं. साहेब म्हणाले, मुद्द्याचं तेवढंच घ्या, फाफटपसारा नको. बाईंचं म्हणणं मी दोन ओळींत लिहिलं होतं. त्या दोन ओळी मी खोडल्या. साहेबांनी खोडायला सांगितल्या नव्हत्या, हे इथे स्पष्ट लिहितो. आमच्याकडे वरचे फक्त इशारा करतात, बाकीची हुशारी आमची.

जूनच्या सुरुवातीला, आठव्या महिन्यातच, रुक्मिणीला अवेळी कळा सुरू झाल्या. गाडीसाठी फोन गेला. यादी बघणाऱ्या माणसाने त्याच्यासमोरची यादी बघितली. तिच्यात नाव नव्हतं, म्हणून गाडी आधी दुसऱ्या गावाला गेली. त्याचा तरी काय दोष? दीड तास वाट बघून घरच्यांनी टेम्पो केला. रुक्मिणी वाचली. बाळ वाचलं नाही.

चौथ्या दिवशी मंगल सिस्टरला कारणे दाखवा नोटीस गेली. रुग्णवाहिकेच्या ॲपमध्ये माहिती न भरून आपण कर्तव्यात कसूर केली आहे, तरी आपणास निलंबित का करू नये, तीन दिवसांत खुलासा करावा. मी पुष्कळ नोटिसा टाइप केल्या आहेत, पण इतकी निर्लज्ज नोटीस दुसरी पाहिली नाही. जिने त्या बाईची जोखीम पाच महिन्यांची असतानाच ओळखली आणि लिहिलीही, तिलाच विचारायचं की तू दुसऱ्यांदा का लिहिलं नाहीस! ज्यांनी एकमेकांशी न बोलणारी पाच यंत्रं विकत घेतली त्यांना कोणी एक चिठ्ठीही पाठवली नाही. ढगे बाईंचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "घरातली दोन माणसं एकमेकाशी बोलनात," त्या म्हणाल्या, "आन् मार कुणाला? तर पानी भरनारीला."

चौकशीला बाहेरचे अधिकारी आले. दमलेला पण बरा माणूस. खोलीत ते, आमचे साहेब, सिस्टर, बाई आणि तांत्रिक बाब सांगायला मी. सिस्टर सगळा वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. बाईंनी फुलदाणी बाजूला सारून नकाशा टेबलावर पसरला आणि ती लाल रेघ दाखवली. हे मी मार्चच्या बैठकीत सांगितलं होतं, म्हणाल्या. अधिकाऱ्यांनी इतिवृत्ताची फाइल चाळली, पुन्हा चाळली. म्हणाले, "यात तसं काही नाही, बाई. आणि या कागदाला तर जावक क्रमांकही नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. बस येते का म्हणून रस्त्याकडे बघावं तसं. साहेब त्यांच्या मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होते. मी म्हणालो, "बाई बोलल्या होत्या. मी ते इतिवृत्तातून गाळलं. आठ दिवसांचं काम आहे, हेही मीच त्यांना सांगितलं होतं." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

नोटीस दफ्तरी दाखल झाली, सिस्टरची नोकरी राहिली. पण अहवालाच्या शेवटी एक शिफारस होती: असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून रुग्णवाहिकांसाठी नवीन, अद्ययावत ॲप खरेदी करण्यात यावं. मी ती ओळ तीनदा वाचली. आजही आठवली की हात शिवशिवतात. एक बाळ गेलं त्यातून आम्ही काय शिकलो, तर आणखी एक ॲप घ्यायचं. जुनी यादी बंद, नवी सुरू, आणि मंगल सिस्टरने रुक्मिणींची नावं आता तिथेही टाकायची.

बाई जुलैअखेर निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ आणि बाईंच्या शिस्तीचं कौतुक झालं. नकाशाचं नाव कोणी काढलं नाही. मी त्यांची पिशवी घेऊन बसस्थानकापर्यंत गेलो. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी शाबासकीची आशा होती. माझा करार आता पुढे जाणार नव्हता, तेव्हा आपण काहीतरी गमावून खरं बोललो असं मला वाटत होतं. सोनपेठची गाडी लागली. बाईंनी नकाशाची गुंडाळी काखेत धरली आणि म्हणाल्या, "सिस्टरची नौकरी राहिली, लय चांगलं केलं तुमी. पर इंजिनेर, मार्चात कामून न्हाई बोल्लात? आज रुक्मिनीच्या घरी झोळी बांधली असती."

मी त्यांची पिशवी गाडीत चढवून दिली.

कराराचे शेवटचे काही दिवस उरले होते. कोणाचा आदेश नव्हता, कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज सकाळी लवकर जाऊन बसायचो आणि मातांची यादी रुग्णवाहिकेच्या नव्या यादीला जोडायचो. मध्ये दोनदा अडलं, पण जुळलं. शेवटी मंगल सिस्टरला फोन करून एका अतिजोखमीच्या बाईचं नाव मातांच्या ॲपमध्ये टाकायला सांगितलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते गाडीच्या यादीत उमटलं. साहेबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, हे करायला कोणी सांगितलं? नव्या कंपनीच्या करारात जोडणीचं काम पुढच्या टप्प्यात धरलेलं आहे, आपण मध्ये हात घालायचा नाही, अडचण झाली तर जबाबदार कोण? त्यांनी ते माझ्याकडूनच बंद करून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर येऊन मी सोनपेठला फोन लावला. बाईंना सगळं सांगितलं. चालत होतं का, एवढं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चालत होतं.

"किती दिस लागले?"

"सहा."

पलीकडे नकाशाची गुंडाळी उलगडल्याचा आवाज आला, रेघेवरचा 'आठ' खोडून त्या 'सहा' लिहीत असाव्यात. मग त्यांनी फोन ठेवला.