भाऊजींचं लॉन

कुंडलला आमच्या अंगणात दोन घरं आहेत. एक आमचं, पत्र्याचं. दुसरा माझ्या धाकट्या दिरांचा बंगला. आमच्या घरात माणसं राहतात. बंगल्यात वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, भाऊजी येऊन राहतात. बाकी वर्षभर तो बंद असतो. किल्ली माझ्याकडे. ‘वहिनी, फक्त लक्ष ठेवा,’ एवढंच ते म्हणाले होते, आणि मीही बरं म्हणाले होते. मग त्यांनी भिंतींवर कॅमेरे बसवले आणि परदेशात बसून तेच आमच्यावर लक्ष ठेवू लागले.

त्या कॅमेऱ्यांतून बोलताही येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा मी त्यांच्या पोर्चमध्ये कुरडया वाळत घातल्या, तर भिंतीतून आवाज आला, “वहिनी, फरशीला डाग पडतील हं.” माझ्या हातातलं ताट पडलं. घरात येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसायला लागला.

मी अंगणवाडीत सेविका आहे. नवरा कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. सकाळी डबा घेऊन मोटरसायकलवर जातो, दिवेलागणीला येतो. त्याच्या हातचे पार्ट लाकडी खोक्यांत भरून परदेशात जातात. भाऊजी राहतात त्याच देशात जातात, असं त्याला मॅनेजरकडून कळलं, तेव्हा त्याला फार अभिमान वाटला होता. दोघं सख्खे भाऊ, एकाच शाळेत शिकलेले. एक स्वतः गेला, दुसऱ्याचे पार्ट गेले.

बंगल्याचा पाया काढताना आमचा पाण्याचा आड मध्ये येत होता. आड बुजवायचा, बोअर मारायचं आणि पाणी दोन्ही घरांना, असं ठरलं. खर्च भाऊजींचा. पाणी शेंदायचा त्रास जाणार म्हणून सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता. आड होता तिथं त्यांनी लॉन केलं. सुरेख हिरवंगार लॉन, त्यात पाण्याचे फवारे, आणि बोअरची मोटर मोबाईलवरून चालू होणारी. पावसाळ्यात नि थंडीत सगळं ठीक होतं.

मे महिन्यात बोअरचं पाणी खाली गेलं. मोटर थोडा वेळ चालायची, मग नुसती हवा ओढायची. गावच्या नळाला एक दिवसाआड पाणी, तेही सुतासारखं. एके सकाळी मी पिंपात बोअरचा पाइप सोडला. तळ भिजतोय तोवर पाणी थांबलं, आणि तिकडं बंगल्यात फवारे गरगरायला लागले. मी तशीच पळत जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

“भाऊजी, बंद करा ते! माझं पिंप रिकामं हाय!”

थोड्या वेळानं भिंत बोलली. “वहिनी, ते टायमरवर आहे. आपोआप चालतं.”

“मग आपोआप बंद बी करा की!”

“अहो, या दिवसांत एक पाणी चुकलं तरी लॉन जळतं. जरा थांबा ना, होईलच आता.”

झालंच. फवारे थांबले तेव्हा बोअर हवा ओढत होतं. मी घागर घेऊन गावच्या टाकीवर गेले, दोन खेपा केल्या आणि अंगणवाडीत उशिरा पोचले म्हणून सुपरवायझर मॅडमची बोलणी खाल्ली.

रात्री जेवताना नवऱ्यापुढं विषय काढला.

“बोअर त्यानंच मारलंय,” तो म्हणाला.

“आन् जागा?”

“जागा दोघांची.”

“मग पाणी कुणाचं?”

तो खाली बघून भाकरी मोडत राहिला. भावाशी वाद नको, हा त्याचा स्वभाव. माझाही तोच होता, पण रिकाम्या पिंपापुढं स्वभाव किती दिवस टिकणार? मोटरची पेटी आमच्या भिंतीला आहे. दुसऱ्या दिवशी मी तिचा खटका पाडून टाकला. आमचं पाणी भरायचं तेवढ्यापुरता चढवायचा, पुन्हा पाडायचा. आठवड्यात लॉन पिवळं पडलं आणि नवऱ्याचा फोन वाजला. तो बावरून म्हणाला, “तूच बोल बाई.”

भाऊजी रागावले नव्हते. उलट हळू आवाजात बोलत होते. “वहिनी, इथं दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोकं बधिर होतं. बोलायला कुणी नाही. मग मी मोबाईल उघडून आपलं अंगण बघतो. हिरवं दिसलं की बरं वाटतं.”

मला वाईट वाटलं. ते खोटं बोलत नव्हते. मी आवाज खाली आणून विचारलं, “त्या अंगणात आमी दिसतो का न्हाई तुमाला? म्या टाकीवरनं घागरी आणताना?”

“दिसता की,” ते म्हणाले. “मला वाटलं, सगळं पूर्वीसारखं चाललंय. छान वाटायचं बघून.”

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

महिनाभरात सांगलीहून दोन माणसं टेम्पो घेऊन आली. त्यांनी पिवळं लॉन उपटून काढलं आणि सतरंजी उलगडावी तसं प्लॅस्टिकचं हिरवं गवत तिथं अंथरलं. “झालं की आता,” नवरा म्हणाला, “पाणी सगळं आपलं.” ते खरं होतं. त्या दिवशी मी पिंप काठोकाठ भरलं आणि भाऊजींना मनातल्या मनात चांगलं म्हटलं. गवत उन्हात तव्यासारखं तापायचं, त्यावर पाय ठेववत नव्हता. पण कुणाला ठेवायचा होता पाय?

पुढं दिवाळी झाली, साखर कारखाने सुरू झाले. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दिवसभर धावायला लागले, आणि त्या गवतावर धुळीचा थर बसला. भाऊजींचा फोन आला. “वहिनी, हिरवं दिसेना झालंय. जरा पाण्यानं धुऊन घेता का?”

“भाऊजी,” मी म्हणाले, “तुमीच या आन् धुवा.”

ते मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, वहिनी गंमत करतेय.

पाणी मी मारलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी, आठवड्यातून एकच दिवस घरी असणारा माझा नवरा खराटा घेऊन तिकडं गेला आणि वाकून ते गवत झाडायला लागला. मी चुलीपाशी होते. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. अर्धं अंगण झाडून झालं असेल, तोच भिंतीतून आवाज आला, “दादा, त्या कोपऱ्यात राहिलंय बघ.”

“व्हय व्हय,” म्हणत तो कोपऱ्याकडं वळला.

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आले, त्याच्या हातातला खराटा काढून घेतला आणि म्हणाले, “आवं, चला, जेवाय चला आधी.”